शर्यत आणि मान

शालेय क्रीडास्पर्धेत शंभर मीटरच्या अंतिम फेरीला आठ मुले उभी राहतात. विजयमंचावर जागा तिघांनाच असते. उरलेली पाच मुले पालघरहून बोईसरकडे परतताना गाडीत गप्प असतात. वसतिगृहात परतल्यावर ती स्वतःला काय समजतात, हा आम्हांला पदकाहून मोठा प्रश्न वाटतो.

आपल्याकडे येणारी पुष्कळ मुले पाड्यांवरची, तर काही तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये राबणाऱ्या कामगारांची. घर सोडून आलेल्या मुलाला आपले स्थान शोधावे लागते. पायांत वेग असेल तर त्याला उत्तर लवकर सापडते : मी पहिला येतो, म्हणून मी कोणीतरी आहे. हे उत्तर फसवे आहे. तालुक्यात नाही तर जिल्ह्यात, अधिक वेगवान मुलगा भेटतोच.

बुद्धवचनात 'मान' हे एक संयोजन, म्हणजे बंधन, सांगितले आहे. मी श्रेष्ठ हा मान, हे सर्वांना पटते. परंतु मी बरोबरीचा आणि मी हीन, हेही मानच होत. तिन्हींत माणूस स्वतःला दुसऱ्याच्या मापाने मोजतो. बाबासाहेबांनी शिकविलेला स्वाभिमान याहून वेगळा. त्याला समोरच्याचा पराभव लागत नाही.

कविता राऊत यांचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. त्यांचे सावरपाडा गाव त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल परिसरात, आपल्या जव्हार-मोखाड्याच्या शेजारीच आहे. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात त्यांचे सुवर्ण सेकंदभराने हुकले. ते प्रीजा श्रीधरन यांना मिळाले. २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये त्या १२०व्या आल्या. तिसरी, दुसरी आणि एकशेविसावी धावपटू एकच आहे. जिल्हास्तरावर पाचव्या आलेल्या मुलीला आम्ही हे तिन्ही आकडे सांगतो. केवळ पदकांची गोष्ट सांगितली, तर तिचा न्यूनभाव वाढतो.

क्रॉस-कंट्रीची सांघिक गणना आम्हांला याहीसाठी प्रिय आहे. तेथे ठरलेल्या संख्येइतक्या धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज होते आणि जिची बेरीज कमी, ती शाळा जिंकते. चौघांचे क्रमांक धरले जात असतील, तर पहिल्या आलेल्या मुलाची शाळाही चौथ्या गड्याने धीर सोडल्यास हरते. तिसाव्या क्रमांकावर धापा टाकणाऱ्या मुलाने शेवटच्या वळणावर दोघांना मागे टाकले, तर ते दोन गुण सर्वांचे असतात. आपण कोणाचे आहोत, हे त्याला निराळे सांगावे लागत नाही.

आता सोण स्थविरांविषयी. चंपानगरीच्या धनिकाचा हा सुकुमार पुत्र राजगृहाजवळ सीतवनात राहून एवढे चंक्रमण करी, की तळपाय फुटून वाट रक्ताने माखली. तरीही मुक्ती नाही, तेव्हा घरी परतावे, असे त्याच्या मनात आले. भगवंतांनी त्याला विचारले, वीणेच्या तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या, तर ती वाजते काय? पोटरी दुखत असताना चिंचणीच्या किनाऱ्यावर भुसभुशीत वाळूत आणखी दोन फेऱ्या मारणाऱ्या मुलांना आम्ही ही कथा मुद्दाम सांगतो. ओहोटीची ओली, घट्ट वाळू त्या दिवशी पुरे.

कथेचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. भगवंतांनी सोणाला एकपदरी तळव्याच्या वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली. सर्व भिक्षुसंघाला अनुज्ञा असेल तरच मी वापरीन, असे तो म्हणाला. आणि ती सर्वांना मिळाली.

माजी विद्यार्थी आम्हांला दरवर्षी विचारतात, की पहिल्या आलेल्या मुलासाठी धावण्याचे बूट पाठवू का? सगळ्या चमूच्या पायांची मापे क्रीडाशिक्षकांच्या वहीत लिहिलेली आहेत. कृपया ती मागवून घ्यावीत.