थोड्या स्मृतीत मोठा संकेत

पाली ग्रंथांचे वाचन करताना विद्यार्थ्यांना मधूनच 'पे' हे अक्षर आढळते. 'पेय्याल' या शब्दाचा तो संक्षेप होय. पूर्वी आलेला मजकूर येथे पुन्हा तसाच म्हणावा, ही संपूर्ण सूचना त्या एका अक्षरात सामावलेली असते. जागा वाचते आणि अर्थ उणा होत नाही. आम्ही इतिहासाचे अध्यापक. तथापि आज ज्या तांत्रिक विषयाचा परिचय करून द्यावयाचा आहे, त्याचे मर्म या अक्षरात आहे.

रेडिओ, मोबाइल, रडार यांची तपासणी करण्यासाठी हवा तसा विद्युत संकेत निर्माण करणाऱ्या उपकरणास सिग्नल जनरेटर म्हणतात. संगणकावर तयार केलेली आकड्यांची मालिका त्याच्या मेमरीत, म्हणजे स्मृतीत भरली जाते. उपकरण ती मूल्ये ठरावीक वेगाने वाचून त्यांचे विद्युत दाबात रूपांतर करते. सेकंदास १० कोटी मूल्ये आणि प्रत्येक मूल्यास २ बाइट धरले, तर १०० कोटी बाइटची स्मृती अवघ्या ५ सेकंदांत संपते. मग तासभराचा संकेत कसा द्यावा?

पहिला उपाय वेगाचा. संकेतातील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून काहीसा अधिक वेग पुरेसा असतो. त्याहून फार अधिक वेग ही उधळपट्टी होय. पळस्पे फाट्यावरून गोवा महामार्गाने पेण-वडखळमार्गे अलिबागला जाता येते. तेथील वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेत आली आहे. हे क्षेत्र सहसा संथपणे बदलते. सेकंदास एक मूल्य धरून दिवसभराचा बदल प्रयोगशाळेत पुन्हा निर्माण करावयाचा झाल्यास ८६,४०० मूल्ये पुरतात.

दुसरा उपाय आवर्तनाचा. संकेत स्वतःची पुनरावृत्ती करीत असेल, तर एक तुकडा साठवून तोच फिरवत ठेवावा. मात्र तबल्याच्या ठेक्याप्रमाणे तुकडा बरोबर समेवर आला पाहिजे. अन्यथा सांध्यावर संकेतास झटका बसतो. समजा, सेकंदास १ लाख मूल्ये आणि ७,००० आवर्तने आहेत. एका आवर्तनास १४.२८... मूल्ये येतात, ती पूर्णांकात बसत नाहीत. परंतु ७ आवर्तनांस नेमकी १०० बसतात. अनेक उपकरणांत तुकड्याची लांबी ठरावीक संख्येच्या पटीत लागते. ती संख्या १६ असल्यास १०० चालणार नाही. तेथे शेवटी शून्ये जोडू नयेत, सम चुकते. २८ आवर्तनांची ४०० मूल्ये घ्यावीत. ४०० ही १६ ची २५ पट आहे.

तिसरा उपाय अनुक्रमाचा. दोन संदेशांमधील शांतताही स्मृती व्यापते, कारण शून्य हेदेखील एक मूल्यच आहे. ज्या उपकरणांत तुकड्यांचा अनुक्रम लावण्याची सोय असते, तेथे शांततेचा एक लहान तुकडा साठवून 'हा हजार वेळा' अशी आज्ञा द्यावी. हेच यंत्राचे पेय्याल.

चौथा उपाय नियमाचा. काही चाचण्यांना यदृच्छ भासणारी ० व १ यांची दीर्घ मालिका लागते. २१४ कोटींहून अधिक अंकांची अशी एक मालिका साठवल्यास सुमारे २६.८ कोटी बाइट खर्ची पडतात. नियमाने निर्माण केल्यास मात्र केवळ ३१ कप्पे पुरतात. प्रत्येक ठोक्यास २८वा व ३१वा कप्पा पाहावा. अंक सारखे असल्यास ०, भिन्न असल्यास १ हा नवा अंक पहिल्या कप्प्यात घालून उरलेले पुढे सरकवावेत. आरंभी सर्व कप्पे शून्य नसावेत, एवढीच अट. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग ४ कप्प्यांवर, तिसरा व चौथा पाहून, १००० पासून वहीत करावा. १५ पावलांनी पुन्हा १००० येईल आणि तोपर्यंत एकही स्थिती दुसऱ्यांदा येणार नाही.

आमचे अनेक विद्यार्थी पुढे आयटीआय व पदविका अभ्यासक्रमांस जातात. तेथे प्रत्येक ठिकाणी नवे, महागडे उपकरण असेलच असे नाही. स्मृती अपुरी पडली म्हणजे प्रयोग सोडून देण्यापूर्वी चार प्रश्न कागदावर सोडवावेत: वेग किती हवा? काय पुन्हा येते? कोठे केवळ शांतता आहे? कशामागे नियम आहे? घोकलेल्या उत्तरास जागा फार लागते. उमगलेला नियम थोडक्यात मावतो आणि हवा तेव्हा संपूर्ण उत्तर पुन्हा उभे करतो. अभ्यासालाही हेच लागू पडते.