दोन रंगांची शाल : आधी नमुना, मग टाके

शंका : स्वेटर अंगाला बसावा लागतो, म्हणून आधी नमुना विणते. शाल तर कुणीही पांघरावी. तिच्यासाठीही नमुना विणायलाच हवा का? (वाचक भगिनी, सातारा)

समाधान : हवाच. शालीची रुंदी, तिचा मऊपणा आणि लागणारी लोकर हे सगळं तुमच्या हातावर ठरतं. पुस्तकात १० सें.मी.मध्ये २२ टाके धरले असतील, तर ६० सें.मी. रुंदीला १३२ टाके घालायला सांगतात. तुमचा हात घट्ट असला आणि तेवढ्याच जागेत २४ टाके बसले, तर शाल ५५ सें.मी.चीच होते. म्हणून १५ सें.मी. लांब-रुंद चौकोन विणा. शालीचीच वीण, त्याच सुया आणि दोन्ही रंग घेऊन. तो धुवा, सावलीत सपाट वाळवा आणि मगच मोजा. कडेचे टाके ओढले जातात, तेव्हा मधल्या १० सें.मी.तलेच टाके धरा. जास्त भरले तर जाड सुया घ्या. आपल्या जुन्या नंबरांत आकडा लहान तशी सुई जाड असते : १० नंबरची सव्वातीन मि.मी., ८ नंबरची चार मि.मी.

शंका : मागच्या शालीला शेवटच्या वीतभर कामासाठी लोकर कमी पडली. नवी गुंडी आणली, तर तिची छटा वेगळीच निघाली. लोकर किती आणावी? (डोंबिवली)

समाधान : नमुन्याचं वजन करा. १५ बाय १५चा चौकोन २२५ चौ.सें.मी.चा, १८० बाय ६०ची शाल १०,८०० चौ.सें.मी.ची, म्हणजे त्याच्या ४८ पट. नमुना ७ ग्रॅम भरला, तर शालीला ३३६ ग्रॅम लोकर लागेल. गोंड्यांसाठी दहावा हिस्सा वाढवून ३७० ग्रॅम धरा. वजनातली एका ग्रॅमची चूक इथे ४८ ग्रॅमची होते, म्हणून ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या. विणण्याआधी आणि नंतर गुंड्या वेगवेगळ्या तोलल्या, की कोणता रंग किती लागतो तेही कळतं. लोकर एकदमच घ्या आणि एका रंगाच्या सगळ्या गुंड्यांच्या लेबलावर एकच लॉट नंबर आहे ना, ते दुकानातच पाहा.

शंका : घरातली जुनी लोकर आणि नवी आणलेली गुंडी मिळून पट्ट्यांची शाल केली. पहिल्याच धुण्यात एका रंगाचे पट्टे आखडले, दुसऱ्याचे तसेच राहिले. असं का? (इंदूर)

समाधान : आपण दोन्हींना लोकर म्हणतो, पण बाजारातल्या पुष्कळ गुंड्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात. मेंढीची लोकर गरम पाण्यात चोळली की आखडून नमद्यासारखी घट्ट होते. अ‍ॅक्रिलिक होत नाही. तुमच्याकडे तेच झालं असावं. लेबल हरवलं असेल, तर वीतभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जपून पेटवा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. शालीत रंग दोन असावेत, धाग्याची जात आणि जाडी मात्र एकच.

शंका : मुलीसाठी पांढरी आणि मरून शाल विणायची आहे. मरूनचा रंग पांढऱ्याला लागेल का? दुसरी जोडी लाल-हिरव्याची मनात आहे. (बेळगाव)

समाधान : ओला नमुना पांढऱ्या सुती फडक्यात दाबून अर्धा तास ठेवा. फडक्यावर डाग उमटला, तर तो मरून पांढऱ्याशेजारी घेऊ नका. व्हिनेगरमध्ये बुडवून रंग पक्का होईल, या भरवशावर राहू नका. लाल-हिरव्याचं म्हणाल, तर दोन्ही गुंड्या शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. फोटोत दोन्ही सारख्याच करड्या दिसल्या, तर बारीक नक्षी लांबून उठणार नाही. एक रंग फिका घ्या.

सर्वांना एकच विनंती : नमुना उसवू नका. त्याला लेबल आणि सुईचा नंबर लिहिलेली चिठ्ठी टाचून ठेवा. पुढे शाल कुठे फाटली, तर दुरुस्तीला तोच धागा कामी येतो.