फवारणी ड्रोनची बॅटरी : खरिपातील दक्षता

खरिपात सोयाबीन आणि कपाशीवर ड्रोनने फवारणी करताना औषधाची मात्रा, वारा आणि उड्डाणाची उंची यांकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे लिथियम पॉलिमर बॅटरीकडे दिले जात नाही. वास्तविक ही बॅटरी प्रत्यक्ष उड्डाणापेक्षा दोन उड्डाणांमधल्या घाईत आणि झडीच्या दिवसांत पडून राहूनच अनेकदा बिघडते. तिचे सेल, म्हणजे वीज साठवणारे घटक, कठीण डब्यात नव्हे तर मऊ, चपट्या पाकिटांत बंद असतात आणि त्यांतील द्रव ज्वालाग्राही असतो. सेलचा दाब सरासरी ३.७ आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट असल्याने १२ सेलच्या बॅटरीत तो ५०.४ व्होल्टपर्यंत चढतो.

टाकी रिकामी करून उतरलेल्या ड्रोनची बॅटरी चांगलीच तापलेली असते, आणि पुढच्या शेतकऱ्याचा नंबर लागलेला असल्यामुळे ती तशीच बांधावरच्या जनरेटरवर चार्जिंगला लावली जाते. ही सवय सर्वांत घातक होय. बॅटरी सावलीत ठेवून निवू द्यावी आणि मगच, सर्व सेल समान पातळीवर आणणाऱ्या बॅलन्स चार्जरने, उत्पादकाने सांगितलेल्या करंटवर, कोणीतरी जवळ असतानाच चार्ज करावी. औषधाने ओल्या झालेल्या हातांनी कनेक्टर हाताळू नयेत, कारण तेथे साचलेला द्रव धातू गंजवतो आणि सैल, गंजलेला जोड तापतो.

पाकीट फुगणे म्हणजे आत वायू तयार होणे. अशी बॅटरी ‘आजचा दिवस निघेल’ म्हणून वापरू नये, दाबून बसवू नये, टोचून वायू तर मुळीच काढू नये. तरीही ती पेटलीच, तर एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवत जात असल्यामुळे ही आग विझल्यासारखी वाटूनही पुन्हा भडकते. म्हणून धुरापासून दूर राहून, अग्निशमन दल येईपर्यंत आसपासच्या वस्तू हलवाव्यात.

झड लागून फवारणी लांबली, तर पूर्ण चार्ज केलेल्या बॅटऱ्या तशाच ठेवू नयेत. प्रति सेल सुमारे ३.८ व्होल्टवर आणून त्या खते, डिझेल आणि कडब्यापासून दूर, कोरड्या फरशीवर ठेवाव्यात. निकामी बॅटरी उकिरड्यावर किंवा भंगारात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी; २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तिच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर आहे.