घटक ४ : इंग्रजीतील नियमित क्रियापदे आणि काळाची खूण

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• नियमित क्रियापदाची चार रूपे ओळखता येतील.
• नकारार्थी व प्रश्नार्थक वाक्यांत योग्य रूप योजता येईल.
• मराठीच्या सवयीमुळे इंग्रजीत होणाऱ्या चुकांची कारणमीमांसा करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या अभ्यासक्रमात इंग्रजी क्रियापदांचे काय काम, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. आपल्या भाषेची व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती दुसऱ्या भाषेशेजारी ठेवल्यावाचून दिसत नाही. शिवाय, तुमच्यापैकी अनेकांनी संसार आणि नोकरी सांभाळून पुन्हा पुस्तक हाती घेतले आहे. ‘ही डिड नॉट वर्क्ड’ असे वाक्य लिहिले गेले, तर ‘आपल्याला इंग्रजी येणारच नाही’ असा समज करून घेऊ नका. या चुकीमागे मराठीचा एक पक्का नियम आहे. तो समजला की चूक सुधारणे सोपे जाते.

उदाहरणासाठी सातारा-सांगलीच्या परिसरातील हळदीचे पीक घेऊ. हळद लावतात, शिजवतात, वाळवतात आणि पॉलिश करतात. या क्रियांसाठी इंग्रजीत अनुक्रमे प्लांट, बॉइल, ड्राय आणि पॉलिश ही क्रियापदे आहेत आणि चारही नियमित आहेत. हळद खणणे (डिग – डग) आणि विकणे (सेल – सोल्ड) ही क्रियापदे मात्र अनियमित असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

४.३ रूपे किती?

मराठीत ‘शिजवणे’ या एका धातूपासून शिजवतो, शिजवते, शिजवतात, शिजवला, शिजवली, शिजवेल, शिजवावे अशी कितीतरी रूपे होतात. मो. के. दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात अशा रूपांचा आख्यातांच्या आधारे केलेला विचार तुम्हाला वाचता येईल. आपले क्रियापद लिंग, वचन आणि पुरुष यांना अनुसरते. कर्मणी प्रयोगात तर ते कर्माकडे पाहते : ‘त्याने ऊस तोडला’, पण ‘त्याने हळद शिजवली’.

इंग्रजी नियमित क्रियापदाची रूपे मात्र चारच : बॉइल, बॉइल्स, बॉइल्ड, बॉइलिंग. शिजवणारा पुरुष असो वा स्त्री, एक असो वा अनेक, भूतकाळात ‘बॉइल्ड’ हेच रूप राहते. साध्या वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता असेल तेवढा ‘स’ जोडावा लागतो. भविष्यकाळासाठी वेगळे रूपच नाही. ‘विल बॉइल’ असे साहाय्यकाने काम भागते. म्हणजे रूपे पाठ करण्याचा भार थोडा आहे. अडचण आहे ती कोणते रूप कोठे ठेवावे याची.

४.४ मुख्य नियम : काळाची खूण एकदाच

पुढील वाक्ये पाहा.

त्यांनी हळद शिजवली. – दे बॉइल्ड द टर्मरिक.
त्यांनी हळद शिजवली नाही. – दे डिड नॉट बॉइल द टर्मरिक.
त्यांनी हळद शिजवली का? – डिड दे बॉइल द टर्मरिक?

मराठीत ‘शिजवली’ हे रूप तिन्ही वाक्यांत तसेच राहिले; त्याला ‘नाही’ किंवा ‘का’ जोडले, एवढेच. इंग्रजीत काळाची खूण क्रियापदसमूहाच्या पहिल्या शब्दावर येते आणि ती एकदाच येते. ‘डिड’ने भूतकाळ सांगितल्यावर मूळ क्रियापद मोकळे होते. ‘डिड नॉट बॉइल्ड’ म्हणणारा विद्यार्थी मराठीचा नियम प्रामाणिकपणे पाळत असतो. फक्त तो नियम येथे लागू नसतो.

गंमत अशी, की वर्तमानकाळात मराठीही काहीशी इंग्रजीसारखीच वागते. ‘तो शिजवतो’ याचा नकार ‘तो शिजवत नाही’, आणि ‘ते शिजवतात’ याचा ‘ते शिजवत नाहीत’. प्रत्ययाचे ओझे क्रियापदावरून उतरून ‘नाही’वर गेले. ‘ही बॉइल्स’चे ‘ही डझ नॉट बॉइल’ होताना हेच घडते. हे साम्य ध्यानात ठेवले, तर ‘डझ नॉट बॉइल्स’ ही चूकही टळेल.

४.५ नियमाचे दोन उपयोग

(अ) ‘मी काल हळद शिजवली आहे’ हे वाक्य मराठीत खटकत नाही. इंग्रजीत ‘आय हॅव बॉइल्ड’सोबत ‘यस्टर्डे’ चालत नाही. काळाची खूण पहिल्या शब्दावर, म्हणजे ‘हॅव’वर असते आणि ‘हॅव’ वर्तमानकाळी आहे. येथील ‘बॉइल्ड’ हे केवळ कृदन्त होय. ‘काल’ सांगायचे असेल, तर ‘आय बॉइल्ड’ म्हणावे.

(आ) सातारा-सांगलीकडे ‘हळद शिजतीया’ असे म्हणतात. प्रमाण मराठीतील ‘शिजते आहे’मधला ‘आहे’ येथे क्रियापदातच मिसळला आहे. इंग्रजीत तो ‘इज’ म्हणून स्वतंत्र उभा राहतो : ‘द टर्मरिक इज बॉइलिंग’. काळ ‘इज’ने दाखवला जातो, म्हणून तो गाळू नये.

४.६ उच्चार

भूतकाळाचा प्रत्यय लिहिताना एकच दिसतो. त्याचे उच्चार तीन आहेत. वर्णविचारात अभ्यासलेला घोष-अघोष भेद येथे उपयोगी पडतो. अघोष ध्वनीनंतर ‘ट’ (पॉलिश्ट), घोष ध्वनीनंतर ‘ड’ (बॉइल्ड, ड्राइड) आणि मुळात शेवटी ट किंवा ड असल्यास ‘इड’ (प्लांटिड).

४.७ सारांश

नियमित क्रियापदाची रूपे चार. काळाची खूण पहिल्या शब्दावर आणि एकदाच. मराठी भूतकाळात ती मुख्य क्रियापदावर टिकून राहते. दोन भाषांमधील हा भेद बहुतेक चुकांच्या मुळाशी आहे.

४.८ स्वाध्याय

१. इंग्रजी करा : (क) तिने हळद वाळवली नाही. (ख) तो हळद लावतो का?
२. ‘डिड ही पॉलिश्ट?’ या रचनेतील चूक मराठीच्या आधारे पाच ओळींत स्पष्ट करा.
३. तुमच्या घरच्या बोलीतील ‘आहे’ मिसळून गेलेली पाच क्रियारूपे नोंदवा व त्यांची प्रमाण मराठी रूपे लिहा.

पहिल्या प्रश्नाची उत्तरे : (क) शी डिड नॉट ड्राय द टर्मरिक. (ख) डझ ही प्लांट टर्मरिक?