रंकाळ्याचं आकाश आणि 16 बिट

अगं, कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचा सूर्यास्त मोबाइलवर सुरेख दिसतो आणि मोठी प्रिंट काढली की आकाशात पट्टे उमटतात, म्हणून लॅबवाल्याला बोल लावतेस ना? जरा थांब. बहुतेक वेळा ते पट्टे फाइल लॅबमध्ये पोचण्याआधीच पडलेले असतात.

जेपेग फाइल 8 बिटची. म्हणजे लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाला 256 पायऱ्या. तिन्ही मिळून 1 कोटी 67 लाखांवर रंग होतात, आणि फारसं एडिटिंग नसेल तर ते पुरतातही. पण रंकाळ्यातल्या संध्यामठावरचं मावळतीचं आकाश घे. त्यातला एक रंग वरून खाली येताना 200 वरून 230 वर जातो, असं समज. 2400 पिक्सेलच्या उंचीत पायऱ्या जेमतेम 30. एकेक पायरी 80 पिक्सेलची. त्यावर तू कर्व्ह्ज ओढून कॉन्ट्रास्ट वाढवलास की दोन पायऱ्यांमधला फरक वाढतो आणि मधे भरायला फाइलमध्ये काहीच नसतं. हेच ते पट्टे. 16 बिटमध्ये तेवढ्याच आकाशाला हजारो पायऱ्या मिळतात, बरंच ताणलं तरी रंग सलग उतरतो.

मात्र जेपेग उघडून मोड 16 बिट केलास तर गेलेल्या छटा परत येत नाहीत. फोटोच कॅमेऱ्याच्या रॉ फॉरमॅटमध्ये काढ. कॅमेरा 14 बिट देत असेल तर 16,384 पायऱ्या हाती येतात. रॉ उघडतानाच 16 बिट निवड आणि काम संपेपर्यंत तिथंच राहा.

सगळ्याच फोटोंना हे नको हं. 24 मेगापिक्सेलचा फोटो 8 बिटमध्ये उघडला तर सुमारे 72 एमबी, 16 बिटमध्ये 144. लग्नाचे शेकडो फोटो 8 बिटमध्ये खुशाल कर. आणि जोतिबाच्या यात्रेतला गुलाल लाल रंगात पार जळाला असेल, तर बिट वाढवून काही होत नाही. तिथं एक्स्पोजरच कमी ठेवायला हवं.

लॅबला देताना शेवटी 8 बिट, एसआरजीबी जेपेग दे. बहुतेक लॅबना तेच लागतं. चित्रकार आबालाल रहिमान यांनी जिथं रंकाळा, कोटितीर्थ रंगवलं, त्या गावात पट्ट्यापट्ट्यांचं आकाश भिंतीवर लावायचं, हे मला पटत नाही.

तेवढं एक ऐक माझं: प्रिंट मनासारखी आली तरी मूळ रॉ फाइल पुसू नकोस.