कुजणारें वेष्टन आणि चिकणमाती

फळें व भाजीपाला यांस घातलेलें प्लॅस्टिकचें वेष्टन मालाचें रक्षण करितें. परंतु काम सरलें कीं तेंच उकिरड्यावर पडतें आणि खताबरोबर पुन्हां आमच्या रानांत येतें. त्याचे तुकडे मातींत वर्षानुवर्षें न कुजतां राहतात. या अडचणीवर शास्त्रज्ञ जो एक उपाय करूं पाहत आहेत त्याचें मर्म वाचकांस नीट कळावें, एवढाच या पाठाचा हेतु आहे.

कुरडईसाठीं शिजविलेला गव्हाचा चीक पारदर्शक होतो, हें घरोघरीं पाहिलेलें असतें. चीक म्हणजे पिष्ट. मका, बटाटा किंवा साबुदाण्याचा कंद यांचेंही पिष्ट असेंच शिजवून पातळ पसरिलें व वाळविलें, म्हणजे त्याचा पापुद्रा होतो. नुसता पापुद्रा चटकन् मोडतो. म्हणून शिजवितांना थोडें ग्लिसरीन घालतात, त्यामुळें तो लवचीक राहतो. जमिनींतील सूक्ष्म जंतु तो सहज खातात. परंतु दमट हवेंत तो पाणी शोषून मऊ पडतो, आणि वाफही त्यांतून आरपार जाते.

हा दोष कमी करण्याचें साधन चिकणमातींतच सांपडलें आहे. आपल्या काळ्या रानास वैशाखांत भेगा पडतात आणि पावसाळ्यांत तेंच रान फुगून त्या मिटतात. ज्या खनिजांमुळें असें घडतें त्यांच्याच कुळांतील मॉन्टमोरिलोनाइट येथें वापरतात. कच्छांत निघणाऱ्या बेंटोनाइट मातींत तें मुबलक असतें. त्याची रचना पानावर पान ठेवल्यासारखी असून, एकेक पान सुमारें १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहालाखावा भाग, इतकेंच जाड असतें.

शिजत्या पिष्टांत हीं पानें सुटीं होऊन पसरलीं, म्हणजे उतारावरील आडव्या बांधांप्रमाणें काम करितात. वाफेस सरळ वाट न मिळाल्यामुळें वळसे घेत जावें लागतें. शिवाय पापुद्रा बळकट होतो. शंभर भाग पिष्टास साधारणतः ३ ते ५ भाग माती पुरते. अधिक घातल्यास गुठळ्या बनून पापुद्रा ठिसूळ होतो. मात्र इतकें करूनही तो पाण्यास अभेद्य होत नाहीं. ओल्या मालास तो योग्य नव्हे.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, तोडलेलें फळही श्वास घेत असतें; वेष्टन फार कोंदट झाल्यास तें आंत आंबतें. म्हणून ज्या त्या मालास जोगें वेष्टन निवडलें पाहिजे. दुसरी गोष्ट अशी कीं, 'कुजणारें' हा शब्द फसवा आहे. मक्याच्या साखरेपासून होणारें पॉलिलॅक्टिक आम्लाचें प्लॅस्टिक कारखान्याच्या खतगृहांत सुमारें ६० अंश सेल्सिअस उष्णतेंत कुजतें. साध्या मातींत तें फारच सावकाश कुजतें.

२०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांप्रमाणें, खत होऊं शकणारें प्लॅस्टिक विकण्यापूर्वीं उत्पादकास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचें प्रमाणपत्र घ्यावें लागतें. सभासदांनीं पिशव्यांची खरेदी करण्यापूर्वीं तें पाहावें. शिवाय पिशवीचा एक तुकडा जाळीच्या थैलींत घालून आपल्याच खतखड्ड्यांत पुरावा व दरमहा काढून पाहावा. जें वेष्टन आपल्या खड्ड्यांत कुजत नाहीं, तें इतरत्र कुजत असलें तरी आपल्या रानाच्या उपयोगाचें नव्हे, असें आम्हांस वाटतें.