गोंड राजाच्या समाधीवर घुमट कसा?

प्रश्न : महाकालीच्या यात्रेला चंद्रपूरला आलो की आम्ही अंचलेश्वराचंही दर्शन घेतो. मंदिराला लागूनच गोंड राजांच्या समाध्या आहेत. राजे देवीचे भक्त, शेजारी महादेवाचं देऊळ, मग समाध्यांवर घुमट आणि कमानी कशा? माझ्या मुलीला ती मशीदच वाटली. – एक वाचक, मूल

उत्तर : मुलीची शंका रास्त आहे. ती अनेक मोठ्या माणसांच्याही मनात येते, पण विचारत कुणी नाही.

आधी समाधीचं पाहू. मृताला पुरण्याची रीत गोंडांमध्ये जुनी आहे. भामरागड, एटापल्लीकडच्या माडिया मुलखात मृतांच्या नावाने उभे केलेले दगड आजही दिसतात. तेव्हा राजाला पुरलं त्या जागी काही उभारणं ही दुसऱ्या कुणाची रीत उचलणं नव्हे. चंद्रपूर वसवल्याचा मान ज्याला देतात, त्या खांडक्या बल्लाळशहाचीही समाधी बल्लारपुरात आहेच.

घुमट मात्र पश्चिमेकडून आला. शेजारच्या वऱ्हाडात आधी इमादशाही होती, नंतर मोगल आले. चांद्याचं, म्हणजे चंद्रपूरचं, राज्य रानात असलं तरी जगापासून तुटलेलं नव्हतं. ‘आईन-ए-अकबरी’त चांद्याच्या बाबाजी राजाचं हजार घोडदळ आणि चाळीस हजार पायदळ नोंदलेलं आहे, वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचाही उल्लेख आहे. 1667 मध्ये मोगल सरदार दिलेरखान खंडणी वसूल करायला थेट चांद्यापर्यंत आला होता. जिथे फौजा आणि खंडण्या पोचत होत्या, तिथे गवंड्यांची कलाही पोचणारच.

शिवाय घुमटाला बांधकामाचं सबळ कारण आहे. देवळाच्या मंडपात खांबांवर दगडी तुळया ठेवतात. दगडाची तुळई फार लांब चालत नाही, वजनाने मोडते. म्हणून जागा मोठी हवी तर खांब वाढवावे लागतात. घुमटाला आत खांब लागत नाही. चौकोनी खोलीचे चार कोपरे कमानींनी छाटायचे, म्हणजे वर अष्टकोन होतो, आणि त्यावर चुन्यात गोल बांधत न्यायचं. सगळा भार भिंतींवर उतरतो. समाधी बरोबर मधोमध राहते आणि भोवती फिरायला मोकळी जागा मिळते. राजाच्या समाधीला याहून सोयीचं छत त्या काळी दुसरं नव्हतं.

तिथली सर्वांत देखणी समाधी बीरशहाची. 1704 च्या सुमारास या राजाचा खून झाला. हिरामण नावाच्या त्याच्याच पदरच्या राजपुताने तो केला, असं सांगतात. राणी हिराईला मुलगा नव्हता. तिने रामशहाला दत्तक घेतलं, तो लहान होता तोवर कारभार स्वतः पाहिला आणि नवऱ्याची ही समाधी बांधली. महाकालीच्या मंदिराचा जीर्णोद्धारही तिच्याच नावावर सांगतात. मला तर या समाधीच्या घुमटापेक्षा तिची जागा बोलकी वाटते. देवीच्या मंदिराचं काम करणाऱ्या राणीला अंचलेश्वराच्या दारात नवऱ्यासाठी घुमट बांधताना काहीच विसंगत वाटलं नाही. शिखर देवाचं आणि घुमट परक्याचा ही वाटणी आपण नंतर केली. ती तिच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं.

आणि चांदा यात एकटा नाही. बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाला लखुजी जाधवरावांची, म्हणजे जिजाऊंच्या वडिलांची, भव्य समाधी आहे. तिच्यावरही घुमटच आहे. 1629 मध्ये लखुजींचा देवगिरीला खून झाला, म्हणजे हे उदाहरण हिराईच्या आधीचं. कधी त्या बाजूला जाणं झालं तर ती बघा. दोन्ही ठिकाणी आत गेल्यावर थेट वर न पाहता आधी कोपऱ्यांकडे पाहा. चौकोनाचा गोल कसा होत गेला, ते तिथेच कळतं.